पोच घेतल्याशिवाय निघू नका : गडचिरोलीत लीगल फेलो म्हणून येणाऱ्यांसाठी

नवीन लीगल फेलो, म्हणजे मानधनावर ठरावीक मुदतीसाठी संस्थेत येणारा कायद्याचा पदवीधर, रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "मॅडम, कोर्टात कधी उभं राहायला मिळेल?" मी म्हणते, आधी तहसीलच्या आवक-जावक टेबलासमोर उभं राहून दाखव. त्याला वाटतं मी टोमणा मारला. पण मी खरंच सांगत असते. कुरखेडा, कोरची, धानोरा या पट्ट्यात मानवी हक्कांच्या संस्थेत वकिलाला जे काम पडतं, त्यातलं बरंचसं कोर्टाची पायरी चढतच नाही. अर्ज, ठराव, जबाब, पंचनामा आणि पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा सही-शिक्का, यांतच ते संपतं. जे पुढं नागपूर खंडपीठापर्यंत जातं, तेही याच कागदांच्या जोरावर टिकतं.

मी मूळची ब्रह्मपुरीची. एलएल.बी. नागपुरात केलं, तिथंच एका सिनियरकडे काही वर्षं काढली, मग इकडं फेलो म्हणून आले आणि राहिले. आता नव्यांना हाताखाली घेते. दरवर्षी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

येण्याआधी

मुलाखतीत सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आहे का विचारतील. नसली तरी फेलो होता येतं. अर्ज लिहिता येतात, गावात बसता येतं, फाइल तयार करता येते. फक्त वकीलपत्र दाखल करता येत नाही. सनद असेल तर नेमणूकपत्र घरी नेऊन शांतपणे वाचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की वकिली चालू ठेवून कुणाचं पूर्णवेळ पगारी नोकर राहता येत नाही. पत्रात मानधन लिहिलंय पण हजेरी, रजा, कामाचे तास सगळं नोकरीसारखं आहे, असं दिसलं तर सही करण्याआधी राज्य बार कौन्सिलकडून लेखी खुलासा मागवा. संस्थेला राग येत नाही. आलाच तर ती संस्था कशी आहे तेही कळतं.

मानधन किती यापेक्षा पेट्रोल कोण देणार हे आधी विचारा. दुचाकी चालवता येत नसेल तर शिकून या. संध्याकाळची एसटी गेली की गेली.

अर्जात "मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे" हे वाक्य नको. आम्ही ते वाचून पुढं जातो. तुम्ही कधी कुणाचं रेशनकार्ड सुरू करून दिलं असेल, वडिलांच्या सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करून घेतली असेल, तर ते लिहा. तलाठ्याकडे हेलपाटे घातलेला माणूस आम्हाला चालतो.

पहिला महिना : ऑफिसं आणि हंगाम

पहिल्या महिन्यात एकही केस अंगावर घेऊ नका. फिरा. तहसील कार्यालय, उपविभागीय अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि त्यातली वनहक्काची (कसत असलेल्या वनजमिनीवरच्या आणि जंगलावरच्या हक्काची) शाखा, पंचायत समिती, वनपरिक्षेत्र कार्यालय, पोलीस ठाणं आणि आतल्या भागातलं पोलीस मदत केंद्र, तालुका विधी सेवा समिती. गडचिरोली जिल्ह्यात आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं तीन आहेत : गडचिरोली, अहेरी, भामरागड. आपलं गाव कोणत्या प्रकल्पात येतं हे पाठ हवं, नाहीतर अर्ज चुकीच्या दारात पडून राहतो. प्रत्येक ठिकाणी टपाल कोण घेतं, शिक्का कोणाच्या ड्रॉवरमध्ये असतो, तो माणूस जेवायला कधी जातो, हे वहीत लिहा. साहेब बदलतात. टेबलावरचा बाबू बहुधा तुमच्या फेलोशिपपेक्षा जास्त टिकतो.

हंगामही शिका. मार्च-एप्रिलमध्ये माणसं पहाटेपासून मोहाखाली असतात, मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे तेंदूची पानं गोळा करून विकतात तिथं. जुलैत रोवणी लागली की दिवसा गावात म्हातारे आणि लेकरंच सापडतात. अशा दिवसांत दुपारी दोनची ग्रामसभा ठेवणारा फेलो आम्ही पाहिलाय. सभेला तो, सचिव आणि एक कुत्रं होतं. रात्री जेवणं झाल्यावर बसा. भामरागडच्या बाजूला असाल तर नदी-नाले चढले की रस्ते बंद पडतात, त्यामुळं ज्या कामाला मुदत आहे ते मृगाच्या आत उरकून घ्या.

जबाब कसा लिहायचा

इथं मी जरा रेंगाळणार, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

कोरची तालुक्यातल्या एका गावात वनजमिनीवर धान लावणाऱ्या एका आजीच्या बांध्यांतून (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांतून) कुणीतरी जेसीबी घातला आणि चर खणले. प्रकरण चालू आहे, त्यामुळं कुणी खणले ते इथं नको. सोबतच्या फेलोनं तिचा जबाब असा लिहिला : "सुमारे दोन एकरांवरील उभ्या पिकाचे अतोनात नुकसान झाले." मी ते वाक्य खोडलं. आजी असं बोललीच नव्हती, आणि "सुमारे" व "अतोनात" या दोन शब्दांवर समोरचा वकील आरामात चहा पिईल.

मग पुन्हा बसलो. आजी गोंडीत बोलत होती, नात मराठी करून सांगत होती. बांध्या किती? पाच. जेसीबी कोणत्या धुऱ्यावरून (बांधावरून) आत शिरला? बोडीकडच्या (लहान तळ्याकडच्या). चर किती बांध्यांतून गेला? तीन. किती पायली धान पेरलं होतं? तेही सांगितलं. तारीख काही आठवेना. मी म्हटलं, आजी, त्या दिवशी गावात काय चाललं होतं? नात तिच्याशी बोलली आणि म्हणाली, "पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन घरोघरी फिरत होते म्हणते ना, बाई." म्हणजे तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण. कालनिर्णय काढलं, पिठोरी अमावस्येचा दुसरा दिवस पाहिला, तारीख मिळाली. जबाबात दोन्ही लिहायचं : तान्ह्या पोळ्याचा दिवस, आणि कंसात तारीख. नुसती तारीख लिहिली तर उलटतपासात आजी "मले तारीख नाही समजत" म्हणेल आणि जबाब पढवलेला ठरेल.

लिहून झालं की पूर्ण वाचून दाखवा, तिच्या भाषेत. दुभाष्याचं नाव, गाव, नातं आणि सही जबाबाखाली घ्या. दुभाषी पोलीस पाटील किंवा सरपंच नको; तो चांगला असला तरी नको. अंगठा असेल तर कोणत्या हाताचा ते लिहा आणि ओळखणाऱ्याची सही घ्या. ज्या बांधीतून चर गेला तिथं उभं राहून मोबाइलवर फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. धुरा आणि बोडी फोटोत यायला हवेत, कारण जबाबात त्यांचाच उल्लेख आहे.

वनहक्काचा दावा

त्याच आजीचा वैयक्तिक दावा कधी दाखलच झाला नव्हता. इथल्या फेलोच्या कामात वनहक्क रोज येतो, म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आणि २००८ चे नियम, २०१२ च्या दुरुस्तीसह, मराठी प्रत जवळ ठेवा. वैयक्तिक दावा नमुना 'अ', सामूहिक 'ब', सामूहिक वनसंसाधनाचा 'क'. फी काही नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा हवा आणि जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा ग्रामसभेकडे, तिथून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे.

नियम १३ प्रमाणे किमान दोन पुरावे लागतात. लोक म्हणतात, आमच्याकडं कागदच नाही. आजीही तसंच म्हणाली. मी विचारलं, कधी दंड भरला होता का? ती उठून आत गेली, पत्र्याच्या पेटीतून खताच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आली. नव्वदच्या दशकातली, तिच्या नवऱ्याच्या नावची, वनजमिनीवर अतिक्रमण केल्याबद्दल भरलेल्या दंडाची पावती. इतकी वर्षं तिनं ती लपवून ठेवली होती, कुणी पाहिली तर पुन्हा धरून नेतील म्हणून. २००५ च्या आधी ताबा होता याचा यापेक्षा चांगला सरकारी कागद दुसरा मिळत नाही. तेव्हा जुन्या दंडाच्या पावत्या, गुन्ह्याच्या नोंदी, कोर्टाचे जुने समन्स आधी शोधा. त्याला जोडून दावेदाराखेरीज गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब. तोही नियमात बसतो. धुरे, बोडी, सपाटीकरण, विहीर या जमिनीवरच्या खुणाही पुरावाच आहेत. उपग्रहाचा नकाशा दाखवून कुणी दावा फेटाळत असेल तर नियम दाखवा : उपग्रहचित्र पूरक म्हणून घ्यायचं असतं, बाकीच्या पुराव्याच्या जागी नाही.

तीन गोष्टी प्रत्येक दाव्यात तपासा. पहिली, ग्रामसभेची हजेरी : एकूण सदस्यांपैकी निम्मे हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. वही उघडून सह्या मोजा. कोरम नसलेला ठराव वर जाऊन पडतो. दुसरी, नवरा-बायको दोघांचं नाव : कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. फॉर्म भरणारा पोरगा घाईत फक्त नवऱ्याचं नाव घालतो. तिसरी, दावेदार आदिवासी नसेल तर. इथं ढिवर, तेली, बौद्ध कुटुंबंही वनजमीन कसतात, आणि त्यांना २००५ आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. ते वास्तव्य त्या भागातलं दाखवायचं असतं. त्याच तुकड्यावर ७५ वर्षं कसत होतो असं सिद्ध करायची गरज नाही. हा फरक न कळल्यामुळं कितीतरी दावे उगाच फेटाळले जातात.

दावा फेटाळला तर कारणांसह लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर आपल्या राज्यात विभागीय समितीकडे अपील आहे; २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रासाठी ती सोय झाली. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला हटवता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. पण गावात पहिलीच बातमी पोचलेली असते. दुसरी तुम्ही पोचवा.

सामूहिक हक्कासाठी गावाला पटवायचं असेल तर भाषण देऊ नका, धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला घेऊन जा. २००९ मध्ये त्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबू त्यांनी स्वतः विकला. तिथली माणसं आपल्या लोकांशी जे बोलतात ते तुमच्या पॉवरपॉइंटला जमणार नाही.

पोच

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. कोणताही अर्ज दोन प्रतींत. एक टेबलावर, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. बाबू म्हणेल, "ठेवून जा, पाहतो." तुम्ही म्हणायचं, "दादा, थांबतो मी." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त थांबायचं. शिक्का सापडत नाही म्हणाले तर बाकावर बसा. संध्याकाळपर्यंत शिक्का सापडतो. नाहीच सापडला तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट, पावती अर्जाला टाचून.

अर्ज माणसाच्या नावानं करा, संस्थेच्या लेटरहेडवर नको. लेटरहेड पाहिलं की ऑफिस ताठर होतं, आणि मुख्य म्हणजे अर्जदार अदृश्य होतो. आजीनं स्वतः जाऊन शिक्का मारून आणला की पुढच्या वेळी ती तुमच्याशिवाय जाते.

महिनाभरात काही हाललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील असेल तर दाखला जोडा, फी नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. "भ्रष्टाचार का झाला" असं विचारू नका. विचारा : "अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. बऱ्याचदा पहिल्या अपिलाआधीच मूळ अर्जाची फाइल हलते. आवक क्रमांकच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. अर्ज आलाच नाही, असं उत्तर येतं आणि तुमच्या हातात दाखवायला काही नसतं.

पोलीस ठाणं

रात्री फोन येतो : पोराला नेलं. आधी घाबरलेल्या घरच्यांकडून काढा, कुणी नेलं, कोणत्या गाडीनं, किती वाजता, कुणाच्या देखत. ठाण्यात एकटे जाऊ नका, सिनियरला कळवून जा, ओळखपत्र गळ्यात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम क्रमांक तोंडात बसलेले असतील तर बदला. अटकेची कारणं सांगणं कलम ४७, नातेवाइकाला कळवणं ४८, चौकशीदरम्यान वकिलाला भेटणं ३८, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं ५८. अटकेची वेळ लेखी मिळवा, बाकी सगळं त्यावरून मोजतात. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. ती तारीख अटकेच्या दिवशीच डायरीत टाका. नागपूर मध्यवर्ती कारागृहात आपल्याकडचे जे कच्चे कैदी असतात त्यांची यादी करा आणि कलम ४७९ बघा : आधी कधीच शिक्षा न झालेल्याला, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामीन आहे. आदिवासी, दलित, बाई, मूल, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; १५१०० हा नंबर गावच्या समाजमंदिराच्या भिंतीवर लिहून टाका.

तक्रार घेत नसतील तर कलम १७३ दाखवा, हद्दीचं कारण चालत नाही. तरीही नाही घेतली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं, मग दंडाधिकाऱ्याकडे.

अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणात सगळ्यात मोठा अडथळा बहुतेक वेळा गावातूनच येतो. "आपसात मिटवा, तंटामुक्त गाव आहे आपलं." २००७ पासूनच्या या मोहिमेनं धुऱ्याचे, नळाचे, भावकीचे तंटे मिटले असतील, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडीचा नाही आणि गावच्या तंटामुक्त समितीला तो मिटवायचा अधिकार नाही. हे बैठकीत, सगळ्यांसमोर, पीडितेच्या घरच्यांनी नव्हे तर तुम्ही म्हणायचं असतं, कारण त्यांना उद्या त्याच गावात पाणी भरायचं असतं. जातीचा दाखला नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज टाका. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का पाहा, आणि अर्थसहाय्य टप्प्याटप्प्यानं मिळतं, निकालापर्यंत थांबायचं नसतं, हे घरच्यांना सांगा.

यवतमाळच्या बाजूला पोस्टिंग झालं तर सावकारी भेटेल. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलेलं असतं. २०१४ चा सावकारी नियमन कायदा, कलम १८, आणि अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा. ज्या दिवशी खरेदी झाली त्याच दिवशी घरात लग्न, दवाखाना किंवा बियाण्याचं काय होतं, ते शोधा. रक्कम बाजारभावापेक्षा फारच कमी असेल आणि ताबा शेतकऱ्याकडेच असेल, तर प्रकरण उभं राहतं.

जाताना

फेलोशिप संपायच्या दोन महिने आधी हस्तांतराची वही सुरू करा. एका प्रकरणाला एक पान : माणूस, गाव, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं (फोन लागत नाही, मंगळवारी बाजारात भेटतो, असंही चालेल), शेवटचा आवक क्रमांक, पुढची मुदत. ज्या केसमध्ये तुमचं वकीलपत्र आहे तिथं ना-हरकत देऊन नव्या वकिलाचं दाखल झालं याची खात्री स्वतः करा. तारखेला कुणीच उभं राहिलं नाही असं व्हायला नको. मूळ कागद लोकांना परत द्या आणि वहीत त्यांची सही घ्या. आमच्या कपाटात अजून जुन्या फेलोंनी ठेवून घेतलेल्या तीन मूळ शिधापत्रिका आहेत. यंदा जे येतील त्यांनी पहिल्या महिन्याच्या फेरीत त्यांचे मालक शोधायचे आहेत.